पोराच्या हाती ट्रॅक्टर देताना

सभासद बंधूंनो, हंगामात मिसरूड न फुटलेली पोरं उसाच्या ट्रॉल्या ओढताना दिसतात. आम्हाला ते पटत नाही. रानात जरूर शिकवा. पण रानात वळताना एकाच चाकाचा ब्रेक दाबायची सवय लागते. रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडलं पट्टीनं जोडली नसतील, तर तोच पाय ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो नि भरली ट्रॉली उलटते. उतारावर न्यूट्रल तर नकोच. डिझेल वाचतं म्हणणारे शहाणे पुष्कळ! रस्त्यावर ट्रॅक्टरला १८ वर्षे पुरी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा शाबीत झाल्यास पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होते, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते.