मुदतीपुरता मिळणारा पत्ता

घरातील मोबाइल, टीव्ही किंवा प्रिंटर वाय-फायला जोडला जातो तेव्हा त्याला मिळणारा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावर त्याला ओळखण्यासाठीचा अंकसमूह, त्याच्या मालकीचा नसून बहुधा राउटरने ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिलेला असतो. ही देवघेव ज्या नियमावलीनुसार चालते तिला डीएचसीपी म्हणतात. ती प्रथम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचे आजही वापरात असलेले रूप मुळात १९९७ मधले आहे.

नव्याने आलेल्या उपकरणाजवळ पत्ता नसतो आणि तो कोणाकडे मागावा हेही त्याला ठाऊक नसते, म्हणून ते दवंडी पिटावी तसे जाळ्यावरील सर्वांना उद्देशून विचारणा करते आणि तीत आपला मॅक क्रमांक, म्हणजे नेटवर्कपुरता ४८ बिटांचा ओळखक्रमांक, सांगते. राउटर आपल्याजवळचा एखादा मोकळा पत्ता, समजा १९२.१६८.१.५, देऊ करतो, उपकरण तोच पत्ता रीतसर मागते आणि मग राउटर मंजुरी देतो. देऊ केलेलीच वस्तू पुन्हा मागणे वरकरणी निरर्थक वाटते. परंतु एकाच घरात चुकून दोन राउटर पत्ते वाटत असतील, तर कोणाचा पत्ता स्वीकारला हे या जाहीर मागणीमुळे दोघांनाही कळते. निम्मी मुदत सरली की उपकरण थेट राउटरकडेच मुदतवाढ मागते आणि सहसा ती विनातक्रार मिळते.

शिंदखेड्यासारख्या गावात वीज जाऊन परत आली, की खरी गंमत घडते. अनेक घरगुती राउटर वाटलेल्या पत्त्यांची नोंद विजेबरोबर विसरतात, त्यामुळे एखाद्या दुकानातील प्रिंटरला नवा पत्ता मिळून संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर बिले पाठवत राहू शकतो. बिघाड प्रिंटरचा समजला जातो, दोष मात्र पत्त्याचा असतो. प्रिंटरच्या मॅक क्रमांकासाठी राउटरमध्ये एक पत्ता कायमचा राखून ठेवला, की ही कटकट मिटते.

हे पत्ते घराच्या उंबरठ्यापुरतेच खरे असतात. अशा रचनेचे एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते जगाला पुरणार नाहीत हे ओळखून इंटरनेटच्या १९९६ च्या नियमांत १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसह तीन गट खाजगी वापरासाठी ठरवण्यात आले, आणि बाहेर जाताना राउटर या पत्त्यांऐवजी आपला पत्ता लावतो. म्हणून शिंदखेड्याहून रेल्वेने सुरतेला कामाला गेलेल्या माणसाने तेथील वाय-फायवरून गावाकडच्या कॅमेऱ्याचा १९२.१६८.१.५ हा पत्ता उघडला, तर शोध सुरतेच्याच घरात घेतला जातो आणि कदाचित तेथला टीव्ही सापडतो. तरीही ॲपमधून कॅमेरा दिसतो तो बहुधा कॅमेऱ्याने स्वतःहून आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी आधीच संपर्क जोडून ठेवलेला असल्यामुळे.