उलटं धरा घड्याळ, लावा लंडनला फोन!

जांबोटीहून बेळगाव गाठायचं तर एसटीची वाट बघावी लागते, पणजीला जायचं तर कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरावा लागतो. दुबई, लंडन, न्यू जर्सी, सिडनी मात्र व्हिडिओ कॉलवर बोट टेकवायचा अवकाश, की हजर! खानापूरपासून निपाणीपर्यंत ज्या घरातलं कुणी ना कुणी परदेशात आहे, तिथं अडतं ते एकाच प्रश्नापाशी: 'आत्ता फोन लावू, की झोपले असतील?' त्यावरच्या या काही गमती आणि काही युक्त्या.

बारा खाली, सहा वर
काट्यांचं घड्याळ घ्या. समजा दुपारचे तीन वाजलेत. आता ते उलटं धरा, आकड्यांकडे न बघता फक्त काटे वाचा: साडेनऊ! हिवाळ्यात लंडनमध्ये तेव्हा सकाळचे साडेनऊच असतात, कारण फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्लंड घड्याळ तासभर पुढं सरकवतं. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत उलट्या घड्याळात एक तास मिळवायचा.

आपण मधोमध
जूनमध्ये लंडन आपल्या साडेचार तास मागं आणि सिडनी साडेचार तास पुढं. डिसेंबरमध्ये दोन्हीकडं साडेपाच. उत्तरेत उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा, त्यामुळं दोघांची घड्याळं उलटसुलट सरकतात आणि मार्च-एप्रिल, ऑक्टोबरमधले काही दिवस सोडले तर आपण कायम मध्यावर. मुलगा लंडनला आणि लेक सिडनीला असेल, तर जेवणं उरकून दुपारी दीडला फोन लावा. जूनमध्ये तिकडं सकाळचे नऊ, पलीकडं संध्याकाळचे सहा. कुणाचीच झोपमोड नाही.

अमेरिकेसाठी तोंडी हिशेब
उन्हाळ्यात न्यू जर्सीची वेळ हवी? आपल्या वेळेत अडीच तास मिळवा आणि सकाळची संध्याकाळ करा. आपल्याकडं रात्रीचे आठ, तर तिथं सकाळचे साडेदहा. कॅलिफोर्नियासाठी अर्धा तास वजा करा आणि तसंच उलटवा: सकाळचे साडेसात. हिवाळ्यात दोन्ही उत्तरांतून एक तास काढून टाकायचा, की झालं.

मार्चमधला घोळ
अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारीच घड्याळ पुढं करते, इंग्लंड शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्कमधलं अंतर पाचाऐवजी चारच तास. आपलं घड्याळ जागचं हलत नाही, पण पुण्या-बेंगळुरूच्या आयटीतल्या पोरांची मीटिंग कधी अमेरिकेमुळं सरकते, कधी लंडनमुळं. आणि घरचे विचारतात, 'काल तर नऊला जेवलास, आज काय झालं?'

सूर्याचे बारा, घड्याळाचे साडेबारा
आपलं घड्याळ चालतं ते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशावर. जांबोटी त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून सरासरी पाहिलं तर इथं सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर. तिकडं आसामात सूर्य इतका लवकर उगवतो, की चहाच्या मळ्यांनी घड्याळ तासभर पुढं ठेवलं. त्याला 'बागान टाइम' म्हणतात. एकाच देशात, एकाही पासपोर्टाशिवाय, वेळ बदलते!

मुंबई हटून बसली
1 जानेवारी 1906 पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागं. सरकारी हुकमानं घड्याळ फिरवायला मुंबईकर तयार होईनात, आणि शहरात 'मुंबई टाइम' पुढं कितीतरी वर्षं चालू राहिला. भेट ठरवताना 'कुठला टाइम?' हेही विचारावं लागे. आजच्या झूम मीटिंगवाल्यांचे पूर्वज ते हेच.

आपणही घड्याळ पुढं केलं होतं
दुसऱ्या महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945, भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढं होतं. म्हणजे नेहमीपेक्षा तासभर जास्त.

आखाताचा रविवार कधी?
दुबई आणि मस्कत बारा महिने आपल्या दीड तास मागं, कुवेत आणि कतार अडीच तास. इथवर सोपं. पण सुट्टी? कुवेत, कतार, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार. अमिरातीत 1 जानेवारी 2022 पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार, आणि शुक्रवारी अर्धा दिवस. त्यामुळं रविवारी सकाळी आपण निवांत गप्पा मारायला फोन लावावा, तर कुवेतचा भाऊजी कामावर निघालेला!

साडेतेहतीस तासांचा वाढदिवस
उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या नातवाला आजीनं रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा दिल्या, तर त्याच्याकडं आदल्या दिवसाचे दुपारचे अडीच वाजलेले असतात. तिथून त्याची तारीख उलटेपर्यंत मोजा: साडेतेहतीस तास. एवढ्या वेळात केक दोनदा कापून होतो.

चतुर्थी नेमकी कधी?
तिथी ठरते चंद्र-सूर्यातल्या अंतरावर, त्यामुळं ती जगभर एकाच क्षणी लागते. आपल्याकडं पहाटे सहाला लागली, तर उन्हाळ्यातल्या न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ. सण मात्र त्या त्या गावच्या सूर्योदयावर, माध्यान्हावर ठरतो. म्हणून अमेरिकेतली एकादशी कधीकधी आपल्या आदल्या तारखेला येते. उपासाची खिचडी कधी भिजवायची, हे तिथलंच पंचांग बघून ठरवावं.

सगळे एकदम? जमतं, पण...
खरी कसोटी सिडनी आणि कॅलिफोर्निया एकाच कॉलवर आणायची. जूनमध्ये दिवेलागणीला, साडेसहाला, जेमतेम जमतं: सिडनीत रात्रीचे अकरा, कॅलिफोर्नियात सकाळचे सहा. डिसेंबरमध्ये त्याच वेळी एकीकडं मध्यरात्र, दुसरीकडं पहाटेचे पाच, म्हणजे दोघांच्याही शिव्या. थोडक्यात, साऱ्या जगाची वेळ जुळते ती जूनमध्ये. आणि जांबोटीत पाऊस कोसळून लाइट आणि रेंज दोन्ही जातात, तेही जूनमध्येच. फोन दुपारीच चार्ज करून ठेवा!