त्याच्या घरी आई नव्हती का?

माझ्या आईचे वय आता शहाऐंशी. डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले, गुडघे कुरकुरू लागले, पण हातातली कापडी पिशवी काही सुटली नाही. साऱ्या जन्मात तिने बाजारहाट दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. ‘पुरुषांना वांगी कळत नाहीत’ हे तिचे ठाम मत. वडिलांनी एकदाच किडकी वांगी आणून ते कायमचे सिद्ध करून ठेवले होते.

वडील गेल्यावर, आठ वर्षांपूर्वी, मी तिला बागलाणातल्या आमच्या नामपूरहून शहरात आणले. शहराचे नाव सांगत नाही. वाचकांनी आपापल्या शहराचे नाव घालून वाचावे, फारसा फरक पडणार नाही. आमची कॉलनी शहराबाहेरची, नमुनेदार. ओळीने बंगले, दारी गुलमोहर, रस्ते रुंद आणि सरळ. पहिल्याच संध्याकाळी आईने पिशवी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि विचारले, “कोथिंबीर कुठे मिळते रे इथे?”

“तू बस. मी स्कूटरवरून घेऊन येतो.”

“कोथिंबिरीला स्कूटर?” आई हसली. मीही हसलो. पण तिसऱ्या दिवशी ती हसेनाशी झाली. कोथिंबीर मिळण्याचे जवळचे ठिकाण दीड किलोमीटरवर, आणि तेही सहापदरी रस्त्याच्या पलीकडे! दहा रुपयांच्या जुडीसाठी जाऊन-येऊन रिक्षाचे साठ रुपये. आई दुपारभर खिडकीत बसू लागली. एवढी बोलकी बाई, पण बोलायला कुणी नाही. रस्त्यावर माणूसच दिसत नसे, दिसत त्या मोटारी.

तिसऱ्या महिन्यात, मी घरी नसताना, ती एकटीच निघाली. मोठा रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलच्या हँडलमध्ये पिशवीचा बंद अडकला आणि ती पडली. पोरगा भला होता. त्याने गाडी थांबवली, तिला उचलले, दवाखान्यात नेले. मनगट मोडले होते. संध्याकाळी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती शांतपणे म्हणाली, “हे गाव बसवलं कुणी रे? त्याच्या घरी आई नव्हती का?”

मी काही बोललो नाही. कारण ते गाव बसवणाऱ्यांत मीच होतो.

पिवळा आणि निळा

नगररचनेच्या एका कचेरीत मी अनुरेखक म्हणून लागलो आणि आरेखक म्हणून निवृत्त झालो. गाव कसे बसावे हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता. साहेबांनी ठरवायचे, वरून मंजुरी यायची आणि आम्ही रंग भरायचे. संगणक येण्यापूर्वीचा तो काळ, हातात खरोखरीचा ब्रश. पिवळा म्हणजे राहण्याची घरे, निळा म्हणजे दुकाने-व्यापार, हिरवा म्हणजे शेती आणि मोकळी जागा. आज आमची कॉलनी आहे तो सगळा पट्टा मी पिवळा रंगवला होता. रंग कुठे डाग न पडता सपाट बसला म्हणून साहेबांनी शाबासकीही दिली होती!

हे रंग मुळात दुष्टपणाने आलेले नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या, कोंदट वस्त्यांचा धसका घेऊन १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्याला नगररचनेचा कायदा मिळाला. गिरणीचा धूर झोपायच्या खोलीत येऊ नये, कातडी कमावण्याचा धंदा शाळेशेजारी नसावा, हे शहाणपण कोण नाकारील? पण शहाणपण हातून निसटले की त्याची सवय होते. गिरणी वेगळी काढता काढता आम्ही किराण्याचे दुकानही वेगळे काढले, आणि ते थेट हमरस्त्यावर नेऊन ठेवले.

आज आपल्याकडे सारे चालते ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने. शहराची विकास योजना तयार होते. शाळा, बाग, दवाखाना, मंडई यांसाठी जागा आरक्षित होतात. वाचकांना वाटेल, मग आमच्या कॉलनीला मंडई का नाही? होती हो, कागदावर होती! माझ्याच ब्रशाने तिथे एक छोटा तुकडा काढला होता आणि त्यावर ‘भाजी मंडई व दुकाने’ असे सुबक अक्षरांत लिहिले होते. पण कायद्यात कलम १२७ आहे. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतरही ठरल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप संपते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्यायाचेच आहे. त्याची जमीन जन्मभर अडकवून कशी ठेवणार? आमच्या मंडईची दहा वर्षे गेली, नोटीस आली, पैसा नव्हता, मुदत गेली. आज तिथे मंगल कार्यालय आहे. लग्नाच्या हंगामात तिथे पोतेभर कोथिंबीर येते, पण ती जेवणाऱ्यांसाठी!

नियम दुकानांना अगदीच मनाई करतात असेही नाही. मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्राला २०२० च्या डिसेंबरात जी एकत्रित नियमावली लागू झाली, तीतही रहिवासी विभागात रस्त्याच्या रुंदीप्रमाणे दुकानांना वाव आहे. पण नुसती परवानगी म्हणजे दुकान नव्हे. बांधणाऱ्याला जास्त भाडे मिळते ते मोठ्या रस्त्यावर, म्हणून गाळे निघतात तिथेच. आतल्या गल्लीत कुणी काढावे, तिथपर्यंत चालत कसे जावे, वाटेत बसावे कुठे, याचा विचार कुणा एकाचा धंदा नाही. म्हणूनच तो सर्वांच्या योजनेत आधी मांडून ठेवावा लागतो.

वरणाला उकळी येईपर्यंत

हात सुटला तशी आई नामपूरला परत गेली. भांडून नव्हे, नुसती पिशवी घेऊन. शेजारी चुलतभावाचे घर आहे, त्यामुळे मला घोर नाही. तेव्हापासून मी तिथे गेलो की जुन्या सवयीने पावले मोजतो.

मोसम नदीच्या काठचे आमचे गाव. कांदा, डाळिंब आणि द्राक्षांचा मुलूख. बाजार समिती आहे, आठवड्याचा बाजार आहे. जुन्या गावठाणाला पिवळा-निळा ठाऊकच नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानापुढे ओटा, ओट्यावर पत्र्याची सावली. शिंपी, सोनार, किराणा, पिठाची गिरणी आणि कापडवाला एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. आमच्या दारापासून भाजीवालीपर्यंत आईची चारशे दहा पावले होतात, आणि त्या चारशे दहांत टेकायला चार ओटे आहेत. “कशी शे माय?” असे अहिराणीत विचारणारी माणसे किती, ते मी मोजले नाही.

मी एकदा आईला विचारले, “दुकान घरापासून किती लांब असावं?” तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “वरण उकळायला ठेवावं, कोथिंबीर आणावी, आणि परत येईतो ते उतू जाऊ नये.”

मी थक्क झालो. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली शेजारवस्तीची एक आखणी मांडली. शाळा मध्यावर, दुकाने वस्तीच्या कोपऱ्यांवर, आणि सारे सुमारे पाव मैलाच्या आत, म्हणजे पाच मिनिटे चालण्याच्या टप्प्यात. पेरीसाहेबांना जे मैलांत सांगावे लागले, ते आईने वरणात सांगितले.

नामपूर म्हणजे स्वर्ग असे मात्र मला म्हणायचे नाही. पेठेत आता मोटारसायकली शिरल्या आहेत. कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टरांची रांग लागली की शाळेतल्या पोरांनी जावे कुठून हा प्रश्नच पडतो. काही ओट्यांवर माल चढून बसला आहे. आपल्याकडच्या बहुतेक पेठांत बाजाराला आलेल्या बाईमाणसाची आडोशाची सोय नसते, ही तर जुनीच लाज. जुने ते सारे सोने नव्हे. पण त्या जुन्यात एक गोष्ट होती, जी मी माझ्या पिवळ्या रंगाने पुसून टाकली. ती म्हणजे म्हातारपणी कुणाचे उपकार न घेता आपली जुडी आपण आणण्याची मुभा.

दुकानदाराची भीती

‘रस्ता माणसांना द्या’ म्हटले की पहिला विरोध येतो दुकानदारांचा. गिऱ्हाईक मोटारीतून येते, मोटार बंद केली तर धंदा बसेल, असे त्यांना वाटते. ही भीती जगभरची आहे. १९६२ साली कोपनहेगनने आपला स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा तिथले व्यापारीही हेच म्हणत होते. एवढ्या थंडीत रस्त्यावर हिंडणार कोण, असेही म्हटले गेले. प्रयोग म्हणून केलेली ती गोष्ट दोन वर्षांत कायम झाली. लोक हिंडले आणि दुकानेही चालली.

इतक्या लांब कशाला जा? आपले माथेरान पाहा. तिथे मोटारींना बंदी. घोडा, अलीकडे थोड्या ई-रिक्षा, बाकी सारे पायी. म्हणून तिथला बाजार ओस पडला आहे काय? चिक्की आणि चपला घेतल्याशिवाय कुणी माथेरान उतरतो काय? पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी ‘पादचारी दिन’ म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला. ज्या रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीत आपण खांदे घासत चालतो, तिथे लेकरे मधोमध खेळली.

पण माझे मागणे लक्ष्मी रस्त्याचे नाही. ती साऱ्या शहराची पेठ. पुण्याची मोठी मंडई १८८६ मध्ये उघडली, तीही साऱ्या शहरासाठीच. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले! आज शहरे पाच-दहा मैल पसरली आहेत. एका मोठ्या मंडईने सगळ्यांचे वरण कसे राखावे? आम्हाला हवीत ती कोपऱ्यावरची पाच-सहा दुकाने आणि चार हातगाड्या.

हातगाड्या मुद्दाम म्हणतो. चालण्याची जागा चांगली झाली की भाडी चढतात आणि भाजीवालीच आधी हुसकली जाते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. शहराच्या विक्रेता समितीत शेकडा ४० सभासद विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश बायका असायला हव्यात. तेव्हा तिची जागा उपकाराची नाही, हक्काची आहे. चालणाऱ्याचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे घरांच्या भागात पदपथ निदान १.८ मीटर आणि बाजाराच्या भागात २.५ मीटर मोकळा हवा, आणि त्याची पायरी १५ सेंटिमीटरहून उंच नको. आपल्या दारचा पदपथ या दिवाळीत जरा मोजून पाहा. आकाशकंदिलाच्या काठीनेही मोजता येईल. चालण्याजोगा पदपथ हा घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

भिंतीवरचा नकाशा

विकास योजना साधारण वीस वर्षांनी सुधारतात. प्रारूप नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागतो आणि हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. इतकी वर्षे त्या भिंतीशेजारी बसून मी पाहिले आहे की तिथे येतात ते जमीनमालक, दलाल आणि वकील. आपली जमीन पिवळी झाली की हिरवी राहिली, एवढेच पाहतात आणि जातात. ‘आमच्या गल्लीत कोथिंबीर कुठे मिळणार?’ असे विचारायला एकही गृहिणी आलेली मला आठवत नाही. आली असती, तर कदाचित माझा ब्रश थबकला असता.

गेल्या वर्षी मी कॉलनीची सभा बोलावली. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत चार भाजीवाल्या बसू द्याव्यात आणि मोठ्या रस्त्यावर उंचवट्याचा ओलांडमार्ग करावा, एवढाच अर्ज होता. एक सद्गृहस्थ उठून म्हणाले, “भाजीवाले आले की बंगल्यांची किंमत उतरेल.” मागून एक आजी म्हणाल्या, “आमची उतरलीय तिचं काय?” सभा जरा वेळ गप्प झाली. अर्जावर एकेचाळीस सह्या झाल्या, त्यांतल्या तीस बायकांच्या. अर्ज अजून ‘विचाराधीन’ आहे. त्या शब्दाचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे, कारण तो शिक्का मारणाऱ्यांच्या शेजारीच मी जन्मभर बसलो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी जाऊन विचारून येतो.

हा लेख नामपूरच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. मघाशी आईने वरण उकळायला ठेवले आणि पिशवी घेऊन बाहेर पडली. चारशे दहा पावले जायची, चारशे दहा यायची. आता वीस मिनिटे झाली. वरण उतू जाऊ लागले म्हणून मीच उठून चूल मंद केली आणि दारात येऊन पाहिले. ती तिसऱ्या ओट्यावर बसली आहे. मांडीवर कोथिंबिरीची जुडी आहे आणि कुणाला तरी, दोन्ही हात हलवून, फराळाचे काहीतरी सांगते आहे. मोडलेला हातसुद्धा चांगला हलतो आहे.

मी हाक मारली नाही.