टिबुकली : बदकाचे पिल्लू नव्हे

उमरगा परिसरातील तलाव पावसाळ्यात भरले, की एक लहानसा तपकिरी पक्षी क्षणात बुडी मारून दूरवर वर येताना दिसतो. आपण त्यास बदकाचे पिल्लू समजतो. वस्तुतः ती टिबुकली होय. टोकदार चोच, जवळजवळ नसलेली शेपटी आणि विणीच्या काळात तांबूस होणारी मान या तिच्या खुणा. बदकाच्या बोटांना जोडणारा पडदा असतो. हिच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालर असते. पाय शरीराच्या अगदी मागे असल्याने ती पाण्यात चपळ, जमिनीवर मात्र अवघडलेली. तरंगते घरटे सोडताना ती अंडी ओल्या पाणवनस्पतींनी झाकते आणि पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते.

दक्षिण अमेरिकेतील टिटिकाका सरोवरातील तिची नातलग उडू शकत नाही. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून ती बुडून मरते. कोलंबियातील जात तर १९७७ नंतर दिसलीच नाही. पाणथळी आटवल्या गेल्या, बाहेरचे मासे सोडले गेले, शिकार झाली.

आपली टिबुकली उडते. एक तलाव आटला, तर दुसरा गाठते. पण तो दुसरा तलाव शिल्लक हवा. काठावरची पाणवनस्पती सरसकट उपसण्यापूर्वी आणि फाटके जाळे पाण्यात टाकण्यापूर्वी आपण तिचे घरटे आठवावे, एवढीच आमची विनंती.