अंधारातला लाल ठिपका

शीर्षक वाचून कुणाला रहस्यकथेची आठवण होईल. पण हा ठिपका आहे शिकारीच्या रायफलवरील दुर्बिणीतला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग हा विषय कशाला, असेही कुणी विचारील. त्याचे कारण आमच्या शेतात आहे. भुईमूग भरात आला की रानडुकरांपायी रात्री माळ्यावर बसून राखण करावी लागते. बॅटरी लावली की झोताच्या वर्तुळापुरते दिसते आणि बाकीचे रान नाहीसे होते. म्हणून अण्णा सारखे म्हणत, "बॅटरी बंद कर. डोळ्याला अंधाराची सवय होऊ दे." त्यामागचे शास्त्र मला मानसशास्त्राच्या तासाला कळले, आणि जर्मनीतील शिकारी तेच शास्त्र कसे वापरतात हे वाचल्यावर हा लेख लिहावासा वाटला.

जर्मनीतही रानडुकरे मका आणि बटाट्याची शेते उकरतात. तिथे परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवल्यावाचून कुणालाही शिकार करता येत नाही. हरणासारख्या खुरांच्या प्राण्यांवर रात्री गोळी झाडण्यास तिथल्या कायद्याने मनाई आहे, अपवाद रानडुकराचा. त्यामुळे शिकारी शेताच्या कडेला लाकडी माळ्यावर संध्याकाळपासून वाट पाहत बसतो.

आता डोळ्याकडे वळू. नेत्रपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि डोळ्यावर प्रखर प्रकाश पडला की ती सारी कमाई क्षणात जाते. मात्र तांबड्या प्रकाशाची जाणीव दंडपेशींना फारच कमी होते. म्हणून मंद तांबडा दिवा रात्रीची दृष्टी सर्वांत कमी बिघडवतो.

दुर्बिणीत नेम धरण्यासाठी फुली असते. तिला रेटिकल म्हणतात. जर्मन शिकाऱ्यांच्या आवडीच्या चार नंबरच्या रेटिकलमध्ये डावीकडून, उजवीकडून व खालून अशा तीन जाड पट्ट्या येतात आणि मध्यभागी बारीक रेषांची फुली असते. दिवसा ती स्वच्छ दिसते. तिन्हीसांजेला काळ्या डुकराच्या अंगावर ती काळी बारीक फुली पार विरून जाते. जाड पट्ट्या तेवढ्या उरतात. नेम अदमासाने धरावा लागतो, आणि अदमास चुकला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत पळते. मग शिकवलेला कुत्रा घेऊन रक्ताच्या मागावर जावे लागते. ही वेळ येऊ नये म्हणून फुलीच्या मध्यावर विजेवर चालणारा इवलासा ठिपका आला.

असे रेटिकल निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ठिपका किती मंद करता येतो? दुकानातील ट्यूबलाइटखाली झगझगीत ठिपका पाहून गिऱ्हाईक खूश होते. पण तोच अंधारात डोळे दिपवतो आणि त्याच्याभोवतीच्या धुक्यात जनावर हरवते. खरी परीक्षा अंधारात अर्धा तास बसल्यावरच होते. सर्वांत खालच्या पायरीवर ठिपका जेमतेम दिसला पाहिजे. याच कारणाने सगळी फुली उजळण्यापेक्षा फक्त मध्यबिंदू उजळणे बरे.

दुसरा प्रश्न फुलीच्या जागेचा. ती दुर्बिणीच्या पुढच्या नाभीप्रतलात असेल तर वर्धन वाढवताच तीही जाड दिसते आणि जनावराचा पूर्वीइतकाच भाग झाकत राहते. मागच्या प्रतलात असेल तर ती आहे तेवढीच दिसते. माळ्यावरून जास्त वर्धनाने बारीक नेम धरायचा असल्यास मागचे प्रतल सोयीचे. हाकाऱ्याच्या शिकारीची गोष्ट वेगळी. ती दिवसा होते, जनावर धावत असते आणि वर्धन कमी ठेवतात. तिथे मात्र उन्हातही दिसेल असा ठळक ठिपका हवा.

तिसरी गोष्ट विजेची. बहुतेक दुर्बिणींत नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा जोर कमी होतो. म्हणून सेल संपल्यावरही काळी फुली कामी यावी अशीच हवी. प्रत्येक पायरीनंतर बंद करण्याची जागा असेल तर ठिपका पटकन विझवता येतो. काही दुर्बिणींत सेलऐवजी ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. पण त्याचे तेज सुमारे बारा वर्षांत निम्मे होते.

एवढे सगळे पाहून झाले तरी एक मर्यादा उरतेच. ठिपका फक्त फुली दाखवतो, जनावर दाखवत नाही. जनावर दिसायचे ते दुर्बिणीच्या भिंगामुळे. आठ पट वर्धन आणि छप्पन्न मिलिमीटरचे भिंग असेल तर भागाकार सात येतो, म्हणजे सात मिलिमीटर व्यासाचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. वय वाढते तशी ती कमी उघडते. यापलीकडे प्रकाश कुठून आणणार? समोर नर आहे की पिले मागे असलेली मादी, हे ओळखता आले नाही तर नेम कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. पिले वाढवणाऱ्या मादीला मारणे जर्मन कायद्याने गुन्हा आहे.

ही मर्यादा मला माळ्यावरच उमजली होती. एका रात्री भुईमुगात काळे काही हलले. मी गोफणीत धोंडा घालून नेम धरला. नेम बरोबरच होता. अण्णांनी मनगट धरले आणि म्हणाले, "आधी काय आहे ते बघ." थोडा वेळ थांबलो. ते हंबरले. शेजाऱ्यांचे वासरू दावे तोडून आले होते.

कुठे मारायचे हे ठिपका सांगतो. मारायचे की नाही, हे डोळ्यांनी आणि धीराने ठरवायचे असते. ठिपका निवडताना एवढे लक्षात ठेवले, तर तो मंद का हवा हे निराळे सांगावे लागत नाही.