एका बोगद्यात दोन यंत्रे

घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून पाहा. काचेच्या नळीचा जुना दूरचित्रवाणी संच चालू असताना पडद्याजवळ लोहचुंबक नेला, की चित्र वेडेवाकडे होई. नळीतून धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतात, त्याचा हा परिणाम. याच कारणाने वैद्यकातील दोन उत्तम यंत्रे कित्येक वर्षे एकत्र येऊ शकली नाहीत.

त्यांतले पहिले ‘पेट’. यात रुग्णाला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचतात. कर्करोगाच्या पुष्कळशा पेशी ग्लुकोजच्या बाबतीत खादाड असतात. तेथे ते अधिक साठते. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे. त्यातून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्याच इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघेही नाहीसे होऊन ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना जातात. (आइन्स्टाइनच्या सूत्रात इलेक्ट्रॉनचे वस्तुमान घालून हा आकडा तुम्हीच काढा.) भोवतालच्या वलयातील स्फटिक गॅमा किरण पडताच क्षणभर चमकतात. ती चमक पूर्वी प्रकाशगुणक नलिका टिपत असे, आणि तिच्या पोकळीतही इलेक्ट्रॉनच धावतात!

दुसरे यंत्र एमआरआय. त्याचे चुंबकीय क्षेत्र ३ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट असू शकते. पेटमुळे पेशी काय करीत आहेत ते कळते, तर एमआरआयमुळे मऊ ऊतींची रचना दिसते. सीटी यंत्रात चुंबक नसल्याने पेट-सीटीची जोडी सहज जमली. पण सीटीत क्ष-किरण आलेच. वारंवार तपासणी लागणाऱ्या मुलांना ते जितके टळतील तितके बरे.

१९९७ साली कॅलिफोर्नियात सायमन चेरी, यिपिंग शाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती केली. स्फटिकांचे छोटे वलय चुंबकात ठेवले, आणि चमक प्रकाशतंतूंतून काही मीटर दूर असलेल्या नलिकांपर्यंत नेली. माणसाच्या आकाराच्या यंत्राला मात्र अर्धवाहकच कामी आले. त्यांत इलेक्ट्रॉनांना मिलिमीटरचाही अंशच चालावे लागते, मग वळायला वाव कुठला? २०१० मध्ये म्युनिकला संपूर्ण शरीराचे एकत्रित यंत्र बसले.

पण खरी अडचण पुढेच होती. सुमारे ७ सेंटिमीटर जाडीच्या पाण्यातून जाताना हे गॅमा किरण निम्मे उरतात. शरीर २८ सेंटिमीटर जाड धरा. जोडीचा उगम आत कोठेही असो, एकाची वाट कमी झाली की दुसऱ्याची तेवढीच वाढते. दोघे मिळून २८ सेंटिमीटरच ओलांडतात. म्हणून सोळा जोड्यांतून सरासरी एकच सहीसलामत बाहेर येते. ही घट हिशेबात धरावीच लागते. सीटीचे क्ष-किरणही शरीरात असेच शोषले जात असल्याने ती काढणे तेथे सोपे. एमआरआय मात्र हायड्रोजनची अणुकेंद्रे पाहते. तिच्या नेहमीच्या चित्रात हाड आणि हवा दोन्ही काळीच! हवा किरणांना अडवत नाही, हाड चांगलेच अडवते.

ही चूक किती महाग पडेल पाहा. अपस्माराच्या रुग्णात झटक्यांचे मूळ शोधताना मेंदूचा ग्लुकोज कमी वापरणारा, म्हणजे चित्रात फिका दिसणारा भाग हुडकतात. कवटीचे हाड हिशेबातून सुटले, तर तिच्यालगतचा निरोगी भागही तसाच फिका दिसतो. शस्त्रक्रिया कोठे करायची, ते या चित्रावरूनही ठरत असते.

हाडाचा संकेत मिलिसेकंदाच्या आतच विरतो. म्हणून तो त्याआधीच टिपण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. अलीकडे संगणकाला असंख्य चित्रे दाखवून, एमआरआयवरून सीटीचे चित्र कसे असेल याचा अंदाज करायला शिकवतात. सरासरी चूक त्यामुळे बरीच घटली आहे. मला स्वतःला मात्र थोडी धाकधूक वाटते. संगणक शिकतो तो बहुधा नेहमीच्या कवट्यांवर, आणि तपासणीला पुन्हा येणाऱ्या रुग्णाच्या कवटीला कधी कधी पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे भोक असते.