आधी फोटो, मग चोळणं

डहाणूतल्या अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात दुपारपर्यंत मोडक्या हाडांचीच रांग असते. चिकूच्या झाडावरून पडलेले, ताडावरून घसरलेले, महामार्गावर मोटारसायकलवरून आपटलेले. या गर्दीत नुसता खांदा दुखतो म्हणून आलेल्या पोराकडे नीट बघायला वेळ कुणाला असतो? या डॉक्टरांना असतो, म्हणूनच त्यांच्या टेबलाशेजारी बसायची मी परवानगी मागितली होती.

तलासरीकडचा, आश्रमशाळेत शिकणारा मुलगा आईबरोबर आला होता. डॉक्टरांनी त्याला सदरा काढायला लावला आणि स्वतः त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. "बाळा, दोन्ही हात वर कर." उजवा हात कानाला टेकला, डावा खांद्याच्या पातळीलाच अडकला. मग टेप काढून दोन्ही दंडांचा घेर मोजला. तळहात उलटा करून दोन्हीकडच्या कातडीची ऊब पाहिली. गुडघ्याजवळची गाठ लवकर डोळ्यांत भरते; खांद्यावर मात्र स्नायूंची जाड गादी असते, तिच्याखाली दंडाच्या हाडाची सूज बराच काळ लपून राहते. शेवटी आईला विचारलं, "ताई, रात्री झोपतो का?"

"नाय. रातचा उठून बसतो."

पडल्या-झडल्याचं दुखणं विश्रांतीने उतरतं. रात्री उठवणारं आणि आठवड्यागणिक वाढणारं दुखणं उतरत नाही. या मुलाचा दंड गावात भगताकडून तेल लावून चोळून झाला होता, लेपही झाले होते. असं दुखणं हाडाच्या कर्करोगाचंही असू शकतं. चोळल्याने कर्करोग होत नाही, पण त्यात महिने जातात. भगताला नावं ठेवणं सोपं आहे. दुखण्याच्या गोळ्या देऊन परत पाठवणारे पदवीधरही हेच महिने घालवतात.

एक्स-रेला इकडे 'फोटो'च म्हणतात. तो उजेडावर धरून डॉक्टर मला हाडाची कड दाखवत होते. निरोगी हाडाची कड सलग, रेखीव असते. इथे दंडाच्या वरच्या टोकाला ती विस्कटलेली होती. हाडावरचं आवरण गाठीने उचललं गेलं की त्याच्या कडेला नव्या हाडाचा छोटा त्रिकोण दिसतो; त्याला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच सुरू होणारा कर्करोग, मुख्यतः 10 ते 20 या उंची वाढायच्या वयात होतो. गुडघ्यानंतर त्याची नेहमीची जागा म्हणजे दंडाचं हे वरचं टोक. प्रौढांचं गणित वेगळं. पन्नाशीनंतर खांदा धरला तर बहुधा तो आखडलेलाच असतो. हाडात कर्करोग निघालाच, तर तो बहुतेकदा स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडमधून आलेला असतो.

नुसत्या फोटोवरून निदान होत नाही. क्षयही असू शकतो, हाडातला जुना पूही. खात्री गाठीचा तुकडा तपासल्यावरच होते. पण तो काढायला डॉक्टरांनी सुई उचलली नाही. ज्या वाटेने सुई जाते, ती वाट पुढे शस्त्रक्रियेत गाठीबरोबर कापून काढायची असते. म्हणून ऑपरेशन करणाऱ्या पथकानेच ती जागा ठरवायला हवी. चुकीच्या जागी घातलेली सुई पुढे हाताच्या जिवावर बेतू शकते. त्याहून वाईट म्हणजे, पोखरलेलं हाड किरकोळ धक्क्याने मोडतं आणि साधं फ्रॅक्चर समजून कुणी त्यात सळई घालतं. मग पेशी साऱ्या हाडभर पसरतात.

तेव्हा चिठ्ठी निघाली ती थेट परळच्या टाटा रुग्णालयाची. 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयात हाडांच्या कर्करोगाचा वेगळा विभाग आहे. तिथे एमआरआय आणि छातीचा सीटी होतो, कारण हा आजार आधी फुप्फुसात जातो. मग केमोथेरपी, त्यानंतर ऑपरेशन, पुन्हा केमो. हात कापावा लागेल ही धास्ती प्रत्येक घरात असते; आता बहुतेकांचा हात राखता येतो. गाठीचा भाग काढून तिथे धातूचा सांधा बसवतात. बोटं आणि कोपर चालतात, लिहिता-जेवता येतं; दंड मात्र सहसा पूर्ण वर जात नाही. फुप्फुसात पसरण्याआधी आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बरे होतात.

डहाणूहून 2013 पासून लोकल आहे, तिच्यात दिव्यांग आणि कर्करोगग्रस्तांसाठी राखीव डबा आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तलासरीच्या पाड्यावरून डहाणू रोड स्टेशन गाठणं, रोजंदारी बुडवून महिनोन्‌महिने परळला राहणं, हे मात्र कुठल्याही योजनेत पुरतं मावत नाही. उपचार अर्ध्यावर सुटतात ते बरेचदा इथेच. लहान मुलांना पालकांसह मोफत ठेवणाऱ्या सेंट ज्यूडसारख्या संस्थांची माहिती रुग्णालयाच्या समाजसेवकांकडे पहिल्याच दिवशी मागावी.

शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या मूळ 30 आजारांच्या यादीत कर्करोग नाही. म्हणून आश्रमशाळांच्या अधीक्षकांना आणि आशाताईंना विनंती: एखाद्या मुलाच्या खांद्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, रात्री त्याला झोपू देत नसेल, तर आधी डहाणूच्या किंवा कासाच्या उपजिल्हा रुग्णालयात नेऊन फोटो काढून घ्या.